परगण्याबाहेरचे गाणे

महसूल खात्याच्या कचेरीत दिवसभर सातबाराच्या उताऱ्यांची आणि फेरफाराच्या नोंदींची रुजवात घालावी, आणि दिवेलागणीनंतर पंचवटीतल्या नाहीतर रविवार कारंज्याजवळच्या एखाद्या दिवाणखान्यात पेटीचा भाता हलवीत बसावे, असा दुहेरी संसार मी नाशकात नोकरी संपेपर्यंत केला. पहिल्याने पोट भरले. दुसऱ्याची बिदागी बहुधा जाण्यायेण्याच्या भाड्यातच जिरून जाई. तरीही विद्येविषयी आणि विद्यावंतांविषयी मला जे थोडेबहुत उमगले, ते दफ्तराच्या बासनांतून नव्हे, तर त्या भात्यामागे बसून उमगले, असे म्हणणे भाग आहे. कारण मैफलीत पेटीवाल्याची जागा मोठी मोक्याची असते. तो गवयाच्या डाव्या अंगाला बसतो. श्रोत्याच्या कानी सूर पडण्यापूर्वी त्या सुरासाठी भरलेला श्वास त्याला दिसतो, मांडीवरची बोटे मात्रा कुठवर मोजतात आणि कुठे मोजायची सोडून देतात हे दिसते, आणि गवई आपल्या अमलाच्या मुलखात आहे की परक्या सरहद्दीत शिरला आहे, हे तर पहिल्या दोन-तीन आवर्तनांतच कळून चुकते.

या परक्या सरहद्दीचे मला नेहमीच कुतूहल वाटत आले. ज्याची सारी हयात बड्या ख्यालाच्या विलंबित लयीत गेली, असा गवई एके दिवशी अभंग, लावणी, भावगीत किंवा चित्रपटातले गाणे घेऊन बसतो, आणि त्या प्रांताचे पिढीजाद वतनदार ज्या जागा घेऊ शकले नाहीत त्या सहजगत्या घेऊन जातो, तेव्हा सभागृहात जी कुजबुज होते तिचा आशय एकच असतो, की यांना हे कुठून आले? साथीदारालाही प्रथम तसेच वाटते. पण पुढे पुढे त्याच्या ध्यानात येते, की हे यश ज्यांना लाभते आणि ज्यांना लाभत नाही त्यांच्यातला भेद विद्येच्या कमीअधिकपणाचा नसून, परक्या परगण्यात गेल्यावर तिथला शिरस्ता मानण्याच्या तयारीचा आहे.

माझ्या बोटांनी हा भेद मला फार लवकर शिकविला. ख्यालाच्या साथीत पेटीने गवयाच्या मागून, अर्धी मात्रा ठेवून, सावलीसारखे चालायचे असते; तो थांबला तर तेवढी आस धरून ठेवायची, त्याच्या मनात नसलेली जागा सुचवायची नाही. अभंगात हा व्यवहार पालटतो. ओळ संपून टाळ वाजू लागले, की पुढच्या उठावाचा सूर पेटीने आधीच हाती द्यावा लागतो, कारण तिथे गाणारा एकटा नसून समोरचे सारे त्याच्याबरोबर ओळ उचलणार असतात. नाट्यपदात पात्राचे वाक्य संपता संपता सूर मिळाला पाहिजे, क्षणभर आधी नाही आणि क्षणभर नंतर नाही. आणि भावगीतात तर मधल्या वाद्यखंडांची चौकट आगाऊ आखलेली असल्यामुळे गायकाला आणि वादकाला दोघांनाही मुभा अशी जवळजवळ नसतेच. जो गवई तालमीला बसल्याबरोबर ‘इथे मी किती थांबू?’ असे पेटीवाल्याला विचारतो, तो परक्या मुलखात तरून जाणार, आणि जो ‘तुम्ही माझ्या मागून या’ म्हणतो त्याचे काही खरे नाही, असा अंदाज मी मनाशी बांधीत असे व तो सहसा चुकत नसे. एका नामवंत बुवांनी (त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) गणेशोत्सवात एका अभंगावर तानांची अशी काही फैर झाडली, की पुढच्या रांगेतल्या वारकऱ्याने हातातले टाळ हलकेच सतरंजीवर ठेवून दिले. ताना निर्दोष होत्या. अभंग मात्र केव्हाच निघून गेला होता.

या विषयाचा विचार करताना नाशिककराला एका घराचे स्मरण टाळताच येत नाही. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे 1908 साली ते मुंबईत आणले, आणि ती मुंबईची भव्य वास्तू कर्जापायी हातची गेल्यावर आयुष्याचा उत्तरकाळ त्यांनी आमच्या नाशकात, रामनाम आधाराश्रमात, रामकथेच्या आणि नामसंकीर्तनाच्या गायनात घालविला. 1931 साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे पुढचे बापूराव पलुसकर, अवघे दहा वर्षांचे होते. चिंतामणराव पलुसकर, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्यापाशी झालेल्या ग्वाल्हेर घराण्याच्या तालमीतून हा मुलगा तयार झाला, आणि 1935 साली जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात चौदाव्या वर्षी लोकांपुढे गाता झाला. अस्थाई-अंतऱ्याची स्वच्छ मांडणी, बोलतानांचा हिशेबी उपयोग, रागाच्या हद्दीबाहेर पाऊल न टाकण्याची शिस्त, हा त्यांच्या ख्यालाचा लौकिक. अशा शिस्तीच्या गवयाची मीरा-सूर-तुलसींची भजने मात्र घराघरांत गेली, आणि ज्यांना बापूरावांनी कोणता राग गायिला याची वार्ताही नव्हती अशा बायाबापड्यांनी ती तोंडपाठ केली, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते.

मला स्वतःला ते फारसे वाटत नाही. ज्याच्या कानावर बालपणी पहाटेपासून रामधून पडली, ज्याच्या पित्याने भक्तिपदे गायनशिक्षणाच्या क्रमातच सामील करून घेतली होती, त्याला भजन हा परका मुलूख नव्हताच. तो आजोळासारखा ओळखीचा होता. नवल करायचेच तर त्या ध्वनिमुद्रिकांच्या मोजमापाचे करावे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे साडेतीन मिनिटांत संपत असे, आणि तेवढ्या अवधीत राग उभा करून, पदाचा अर्थ पोचवून, समेवर सुखरूप उतरायचे असे. तासभर रागाला लडिवाळपणे खेळविण्याची सवय झालेल्या गवयाला ही मुदत फर्मानासारखी वाटली असल्यास नवल नाही. बापूराव त्या मुदतीत कुठेही घाई करीत नाहीत. शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी त्या तबकड्यांवरची भजने अनेकदा ऐकविली, आणि प्रत्येक वेळी मुलांचे लक्ष त्यांतल्या लहानशा खटक्या-मुरक्यांकडे जाई. मी त्यांना सांगे, की बाबांनो, घेतलेल्या जागा कुणीही मोजील, सोडून दिलेल्या मोजा.

चित्रपटाची गोष्ट याहून निराळी होती, कारण तिथे आजोळ नव्हते. विजय भट्ट यांच्या ‘बैजू बावरा’त, 1952 साली, संगीतकार नौशाद यांनी तानसेनाच्या मुखी उस्ताद अमीर खाँ यांचा आणि बैजूच्या मुखी बापूराव पलुसकरांचा आवाज दिला, आणि देसी रागातल्या त्या सामन्यात दोघांनाही पटकथेच्या हुकमाबरहुकूम गावे लागले, बैजूने जिंकायचे, संगमरवर वितळायचा, हे सारे आधीच ठरलेले. अमीर खाँसाहेबांचे नाव घेतले, की झुमऱ्याच्या चौदा मात्रांतली ती संथ, ध्यानस्थ बढत आठवते. असा गवई मोजक्या मिनिटांत, द्रुत लयीत, प्रतिस्पर्ध्याला उत्तर देत गातो, आणि गाताना त्याची प्रतिष्ठा तसूभरही उणी होत नाही. पुढे 1955 साली व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’साठी वसंत देसाई यांनी त्यांच्याकडून अडाण्यात शीर्षकगीत गाऊन घेतले, तिथेही तेच. 1956 सालच्या ‘बसंत बहार’मध्ये भीमसेन जोशी यांना मन्ना डे यांच्यासमोर गाऊन पडद्यावर हार पत्करावी लागली, आणि प्रत्यक्षात त्यांच्यापुढे उभे राहण्याच्या कल्पनेने मन्ना डे गांगरले होते, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आपल्याहून लहान अधिकाराच्या (निदान त्या विद्येत लहान) गायकापुढे हरण्याचे गाणे गायला वेगळा दमसास लागतो, आणि तो गळ्यातला नसतो.

ही परंपरा नवी नाही. किराना घराण्याचे मूळपुरुष मानले जाणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले आणि मराठी रंगभूमीच्या ऐन भराच्या काळात त्यांनी ‘मानापमान’मधली पदे तबकडीवर गायिली, एवढेच नव्हे, तर कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांच्या कृतीही ध्वनिमुद्रित केल्या, आणि हे कृत्य त्या काळी किती धाडसाचे होते याची आज आपल्याला कल्पना येत नाही. त्याच घराण्याच्या गंगूबाई हनगळ यांनी उमेदवारीच्या काळात, ‘गांधारी’ या नावाने, जी. एन. जोशी यांच्याबरोबर मराठी भावगीते गायिली होती. पुढे त्यांच्या धीरगंभीर, जवळजवळ पुरुषी भासणाऱ्या आवाजाचा दबदबा निर्माण झाल्यावर ती कोवळी भावगीते ऐकणाऱ्याला हा एकाच व्यक्तीचा आवाज आहे याचा दाखला मागावासा वाटतो.

मी स्वतः या प्रकाराला सर्वांत जवळून पाहिले ते नाटकाच्या तालमींत, आणि इथे नाशकाचा हक्क थोडा अधिक सांगावासा वाटतो. हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात शिकविणारे प्राध्यापक वसंत कानेटकर आणि टिळकवाडीतले कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, हे दोघेही नाशिककर. दोघांनीही आपल्या नाटकांतली पदे स्वतःच लिहिली. आणि दोघांच्याही पदांना ज्यांनी चाली दिल्या ते जितेंद्र अभिषेकी हे जगन्नाथबुवा पुरोहित आणि अझमत हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतलेले, आग्रा वळणाचे ख्यालगायक होते. 1964 साली गोवा हिंदू असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले तेव्हा अभिषेकीबुवांनी जे केले त्याचे महत्त्व तालमीत पेटीवर बसल्याशिवाय नीट कळत नाही. जुन्या संगीत नाटकात पद म्हणजे गवयाला दिलेली इनाम जमीन; ‘वन्समोअर’ मिळतील तितकी तिची मशागत करावी, नाटकाने तोवर बाजूला थांबावे. बुवांनी ती वहिवाट मोडली. पद नाटकाच्या वेळेत बसले पाहिजे, मुखडा पहिल्याच ओळीत ऐकणाऱ्याच्या मनात ठसला पाहिजे, आणि गायकाला हात-दोन हात फिरण्यापुरतेच आवार ठेवायचे, असा त्यांचा कायदा दिसतो. ज्या गवयाच्या गळ्यात आग्र्याची बोल-उपज आणि लयीशी झोंबी घेण्याची खुमखुमी होती, त्यानेच ही कात्री चालवावी, हे मला आजही विलक्षण वाटते. रामदास कामत यांनी त्या पदांना जो भरदार सूर दिला तो तर होताच. पण आशालताबाईंच्या पदांकडे मी अधिक लक्ष वेधीन, कारण ती पदे अशी बांधली आहेत, की अभिनेत्रीने ती बोलता बोलता गावीत.

‘मत्स्यगंधा’च्या पाठोपाठ 1966 साली शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ आले आणि त्यात पौराणिक गांभीर्याला साजेसे भारदस्त संगीत अभिषेकीबुवांनी दिले. त्याच सुमारास कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाली’ या निव्वळ हास्यनाट्यालाही त्यांनीच चाली बांधल्या, त्या इतक्या खेळकर आणि चटपटीत, की दोन्ही संगीतांचा कर्ता एकच आहे हे सांगितले तर अनोळखी माणूस पैज लावील. आमच्या शहरातल्या एका हौशी मंडळाने यांतली पदे बसविली तेव्हा शास्त्रीय गाणाऱ्या दोघा तरुणांची निवड झाली होती. पैकी एकाला गंभीर पद उत्तम जमले. खेळकर पदात मात्र तो प्रत्येक सम साजरी करू लागला, आणि विनोद जागच्या जागी मेला. दुसरा गळ्याने उणा, पण वाक्य कुठे संपते ते ऐकणारा. त्याच्या पदाला प्रेक्षक हसले, आणि हसत असतानाच चाल घेऊन घरी गेले. दिग्दर्शकाने पुढच्या प्रयोगाला पदांची अदलाबदल केली नाही, याचे श्रेय मी त्याला देतो.

डिसेंबर 1967 मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले. त्यात एकच पद दोन घराण्यांच्या दोन धाटण्यांत, दोन निराळ्या रागांत बांधून अभिषेकींनी हा सारा विषय जणू रंगमंचावरच चव्हाट्यावर आणला, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे उभे राहिले. वसंतरावांविषयी लिहिताना माझा हात थोडा सैल सुटतो, तो का हे सांगितले पाहिजे. ते लष्कराच्या हिशेब खात्यात अनेक वर्षे कारकुनी करीत होते, आणि कारकुनाला कारकुनाविषयी जी आपुलकी वाटते ती कोणत्याही घराण्याच्या अभिमानाहून घट्ट असते. नागपूरला शंकरराव सप्र्यांपाशी, लाहोरला असद अली खाँ यांच्यापाशी, पुढे सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ यांच्यापाशी, अशा अनेक ठिकाणी त्यांनी विद्या वेचली. मास्तर दीनानाथांचा ठसा तर आवाजावर जन्मभर राहिला. तबलाही हातात होता. अमुक एका घराण्याची सनद त्यांच्याजवळ नाही, असा आक्षेप काही जाणत्यांनी घेतला होता. मला वाटते, त्या सनदेच्या अभावीच त्यांना कोणत्या गावची हद्द कुठे लागते हे पक्के ठाऊक होते. ठुमरीत ते ठुमरीवाले असत, लावणीत लावणीवाले, आणि ख्यालात परत येताना बरोबर काय आणावे व काय वेशीबाहेर ठेवावे याचा त्यांना संभ्रम पडत नसे.

भीमसेनांच्या अभंगांविषयी मात्र माझी थोडी तक्रार आहे, आणि ती त्यांच्याविरुद्ध नाही. गदगचा, कानडी मातृभाषेचा हा गवई राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींतून ज्ञानोबा-तुकोबांचे शब्द अशा आर्ततेने गातो, की पंढरीच्या वाटेवरच्या माणसालाही त्यात परकेपणा जाणवू नये. ख्यालातला तो प्रचंड दमसास अभंगात ते विठ्ठलाच्या नावावर एकाच दीर्घ सुरात उधळून टाकतात आणि पुन्हा शब्दाकडे नम्रपणे परततात. तक्रार आहे ती आम्हा श्रोत्यांविरुद्ध. या यशानंतर गावोगावच्या मैफलींत बडा ख्याल अर्ध्यावर आला नाही तोच अभंगाच्या फर्माइशीच्या चिठ्ठ्या रंगमंचाकडे येऊ लागल्या, आणि लहान गवयांच्या माथी तर अभंग हा जमाबंदीसारखा सक्तीचा होऊन बसला. ज्या गवयाला अभंगाचा मुलूख मुळीच मानवत नाही, त्यालाही तो गावा लागतो. मग पेटीवाल्याने काय करावे?

उलट दिशेचा प्रवास फार थोड्यांना साधतो. आशा भोसले यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्यापुढे विद्यार्थिनी होऊन जुन्या बंदिशी उचलल्या आणि 1996 साली ‘लेगसी’ या नावाने त्या ध्वनिमुद्रित केल्या, हे उदाहरण ठळक आहे. पाश्चात्त्य संगीतात येहुदी मेन्युहिन या विख्यात व्हायोलिनवादकाने आधी पंडित रविशंकर यांच्याबरोबर आणि मग जॅझमधल्या स्टेफान ग्रापेली यांच्याबरोबर वाजविले, पण उत्स्फूर्त वाजविण्याची सवय नसल्यामुळे आपल्या वाट्याचे सूर त्याला लिहून घ्यावे लागत. ते वादन कानाला गोड आहे. मला मात्र त्यात तो पाहुणाच वाटतो. सभ्य, हसतमुख, पण पाहुणा.

शेवटी ज्यांच्याविषयी लिहायचे होते त्या बाईंकडे येतो. त्यांचे नाव मी देत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना ते रुचेल की नाही याची खात्री नाही. जुन्या नाशकातल्या एका गल्लीत त्या गाणे शिकवीत; शिस्त कडक, विलंबित एकतालाखेरीज दुसरे काही शिकवायला नाखूश, आणि मुलींनी चित्रपटातली गाणी गुणगुणलेली त्यांना खपत नसे. एका कोजागिरीला, मोजक्या ओळखीच्या मंडळींत, त्यांनी अचानक मला पट्टी वाढवायला सांगितली, तबलजीला केरव्याचा ठेका सांगितला, आणि वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, “शब्द पुरता होईपर्यंत पेटी पुढे घालू नकोस. तू आधीच सूर दिलास तर गंमत जाते.” आणि मग त्या बैठकीची लावणी गायल्या. एकही तान नाही. ख्यालात त्या ज्या मींडेने गंधारावरून षड्जावर येत, तीच मींड त्यांनी एका साध्या संबोधनावर अशी आडवी टाकली, की समोरचे वयोवृद्ध वकील मान खाली घालून हसू लागले. मागाहून मी विचारले, “बाई, हे कुठे शिकलात?” त्या म्हणाल्या, “शिकले कुठे? लहानपणी भिंतीपलीकडून ऐकत होते. आई खिडकी लावून घ्यायची, तरी ऐकू यायचे.” पुन्हा त्यांनी ती लावणी माझ्यासमोर कधी गायिली नाही, आणि शिष्यांपैकी बहुतेकांना ही गोष्ट आजही खरी वाटत नाही.

त्या रात्री श्रोत्यांपैकी कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला होता, एवढे मला नक्की आठवते. टेप कुणाकडे गेली याचा माग मात्र लागत नाही. थोरामोठ्यांचे परगण्याबाहेरचे गाणे तबकड्यांवर आणि चित्रपटांत सुरक्षित आहे. आमच्यासारख्या शहरांतल्या शिक्षकांचे, कीर्तनकारांचे, हौशी गवयांचे तसले गाणे माळ्यावरच्या पेट्यांत, बुरशी धरलेल्या स्पूलांत आणि कॅसेटींत पडून आहे, आणि ते गाणारे बहुतेक आता हयात नाहीत. नाशकात वा अन्यत्र ज्यांच्या घरी अशा टेपा असतील, त्यांनी त्या रद्दीत टाकण्यापूर्वी जाणकाराकडून एकदा साफ करून ऐकवून घ्याव्यात, प्रत काढावी, तिच्यावर गाणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि साल लिहावे, आणि एक प्रत गावातल्या ग्रंथालयात जमा करावी. कोजागिरीच्या बैठकीची एखादी टेप हाती लागली आणि तीत केरव्यावरची लावणी निघाली, तर मला अवश्य कळवावे. साथीची पेटी माझी आहे की नाही, ते मी ऐकताच सांगेन.